फॅलॉइडिनची व्हायल

फॅलॉइडिन म्हणजे एका विषारी अळंबीतलं विष; रंग जोडून पेशीतले तंतू बघायला आम्ही ते वापरतो. त्याची व्हायल हातात आली की लॅबमधला प्रत्येक नवा माणूस एकच गोष्ट करतो. ती ट्यूबलाइटकडे धरतो आणि तळाशी काय आहे ते बघतो. मीही बघितलं. बुडाशी किंचित लालसर झाक होती, तीसुद्धा आहे असं मनाशी धरलं तरच दिसणारी. लेबलवर मात्र कवटी, दोन हाडं आणि '300 युनिट' असा आकडा.

हा ऐवज नेमका किती, याचा हिशोब मी वहीच्या मागच्या पानावर केला. व्हायलमध्ये दीड मिलिलिटर मिथेनॉल घातलं की 6.6 मायक्रोमोलरचं द्रावण होतं. फॅलॉइडिनचा रेणुभार साधारण 789. गुणाकार केला तर विषाचा भाग जेमतेम आठ मायक्रोग्रॅम निघतो. उंदराच्या पोटात टोचलं तर किलोमागे सुमारे दोन मिलिग्रॅम हे मारक प्रमाण, म्हणजे वीस ग्रॅमच्या उंदराला 40 मायक्रोग्रॅम लागणार. आमच्या अख्ख्या व्हायलनं एक उंदीरही धड मेला नसता. सोबतच्या माहितीपत्रकात विषाबद्दल गंभीर इशारा आहे आणि लगेच पुढे असंही आहे की एवढ्या प्रमाणानं मेलाच तर एखादा डास मरेल. शास्त्रीय कंपन्यांच्या कागदांवर विनोद क्वचितच सापडतो, म्हणून तो कागद मी फ्रीजरच्या दारावर चिकटवून ठेवला.

तरी सुरक्षेचा फॉर्म भरावा लागतोच. त्यात 'पदार्थाचा उगम' असा एक रकाना होता. तिथे 'विषारी अळंबी' लिहिलं आणि ते कुठून तरी घरी कळलं. सावंतवाडीहून मावशीचा फोन आला, "काय गो, तू विषारी अळमी घेवन काम करतंस?" मावशी पावसाळ्यात वारुळावरची अळमी स्वतः ओळखून आणते, त्यामुळे तिची काळजी अडाणीपणाची नव्हती. तिला पहिला प्रश्न पडला तो असा की तुमची ती अळंबी दिसते कशी. मी सांगितलं: हिरवट-पिवळसर टोपी, खालच्या बाजूला पांढऱ्या पात्या, देठाला कडं आणि देठाच्या बुडाशी मातीत अर्धी पुरलेली पांढरी पिशवी. मूळची युरोपातली, ओकसारख्या झाडांच्या मुळांशी साटंलोटं करून जगणारी. त्या झाडांच्या रोपांबरोबर ती अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातही पोचली. ॲमानिटा फॅलॉइडिस हे तिचं नाव, इंग्रजीत तिला डेथ कॅप म्हणतात. शिजवून, वाळवून, उकळून पाणी टाकून तिचं विष जात नाही. चांदीचं नाणं टाकून काळं पडतं का बघणं वगैरे तर अगदीच निरुपयोगी, कारण त्या विषाचं चांदीशी काहीच देणंघेणं नाही. मावशी म्हणाली, "मग ओळख नाय ती हात लावची नाय, इतक्याच." तिचं शास्त्र तेवढ्यावर पक्कं आहे. मी अळंबी कधी बघितलेलीच नाही, फक्त तिच्यातला एक रेणू बघते, तोही चिकटवलेल्या रंगामुळे, हे तिला पटवायला बराच वेळ लागला.

आता या रेणूची एक गंमत. डेथ कॅप खाऊन माणूस मरतो, पण फॅलॉइडिनमुळे मरत नाही. 1937 साली म्युनिकमध्ये फेओडोर लिनेन आणि उलरिश वीलांड यांनी हे विष स्फटिकरूपात वेगळं काढलं. लिनेनची डॉक्टरेटच या अळंबीच्या विषांवर होती. त्याचे मार्गदर्शक हाइनरिश वीलांड यांना पित्ताम्लांच्या कामासाठी 1927 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेलं होतं. 1937 मध्येच लिनेननं त्यांच्या मुलीशी लग्नही केलं आणि पुढे 1964 मध्ये कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांच्या कामासाठी त्याला स्वतःला नोबेल मिळालं. पीएचडी म्हणजे अळंब्या किसत बसणं, असं त्याच्या घरीही कुणीतरी म्हटलंच असणार. फॅलॉइडिन सापडल्यावर मारेकरी सापडला असं वाटणं साहजिक होतं. पण उंदराला ते टोचलं की तो काही तासांत मरायचा, यकृत रक्तानं फुगायचं; अळंबी खाल्लेला माणूस मात्र तसा मरत नाही. त्याला सहा-बारा तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस बरं वाटतं आणि त्यानंतर यकृत निकामी होतं. 1941 मध्ये त्याच प्रयोगशाळेतून अमॅनिटिन वेगळं काढलं गेलं आणि खरा मारेकरी तो निघाला. तो आतड्यातून शोषला जातो, यकृताच्या पेशींत शिरतो आणि डीएनएवरून आरएनए लिहिणारं एक यंत्रच अडवतो. फॅलॉइडिन आतड्यातून आत जवळपास जातच नाही. टोचलं तरच मारतं, आणि जेवणात अळंबी टोचून कुणी घेत नाही.

त्याहून चमत्कारिक म्हणजे याच अळंबीत अँटामनाइड नावाचा आणखी एक रेणू आहे. तो उंदराला आधी दिला तर फॅलॉइडिनपासून वाचवतो. विष आणि उतारा एकाच टोपीखाली. खाणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण अमॅनिटिनपुढे तो उतारा चालत नाही. निसर्गात हेतू शोधणाऱ्यांनी या अळंबीपासून लांबच राहावं.

फॅलॉइडिन ज्याला धरतं ते ॲक्टिन. आपल्या बहुतेक पेशींमध्ये हे प्रथिन ढिगानं असतं. एकेकटा सुटा ॲक्टिन गोळ्यासारखा असतो. असे गोळे एकमेकांना जोडून सात नॅनोमीटर जाडीचा, दोन पदरी पीळ घातलेला तंतू बनतो. पेशीचा आकार, तिचं सरकणं, दोन तुकडे होताना मधून आवळलं जाणं, सगळं या तंतूंच्या जिवावर. आणि हे तंतू कायमचे नसतात. एका टोकाला नवे गोळे लागत असतात, दुसऱ्या टोकाचे गळत असतात, त्यावर एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च होत असतं. फॅलॉइडिन शेजारशेजारच्या तीन गोळ्यांच्या मधल्या बेचक्यात जाऊन बसतं आणि त्यांना सुटू देत नाही. सुट्या गोळ्याला ते धरत नाही, कारण ती बेचकी तंतूतच तयार होते. यकृतात हेच होतं: पित्ताची ने-आण करणारे वाहक चुकून फॅलॉइडिनला आत घेतात आणि आतल्या तंतूंची उलाढाल गोठते. 1972 मध्ये उंदराच्या यकृताच्या पेशीपटलांवर फॅलॉइडिनचा परिणाम दाखवणारा निबंध हायडेलबर्गमधून आला, त्याच्या लेखकांत पहिलं नाव गोविंदन असं आहे. ते वाचून उगाच बरं वाटलं. 1979 मध्ये फॅलॉइडिनला चमकणारा रंग जोडून पेशीतलं ॲक्टिन दाखवता येतं हे छापून आलं आणि तेव्हापासून हे विष जगभरच्या जीवशास्त्राच्या फ्रीजरमध्ये उणे वीसला पडून आहे.

माझं काम डुकराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर चालतं. ऑपरेशनच्या वेळी किंवा शॉकमध्ये मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तुटतो, तेव्हा तिथल्या नलिकांच्या पेशींचं एटीपी संपत जातं आणि सगळ्यात आधी बिघडतं ते ॲक्टिन. डिशमध्ये हीच अवस्था आणायची तर पेशींना ग्लुकोजऐवजी त्याचं नकली रूप द्यायचं आणि वर सोडियम अझाइड घालायचं. मग आत काय मोडतंय ते फॅलॉइडिननं रंगवून बघायचं. सांगायला एक ओळ आहे. करायला पूर्ण दिवस जातो, आणि त्यातला बहुतेक वेळ बारा मिलिमीटरच्या गोल काचा सांभाळण्यात.

या कव्हरस्लिप पापुद्र्यासारख्या पातळ असतात. चिमट्यानं जरा जास्त धरली की कडेनं टवका उडतो, कमी धरली की घसरून जमिनीवर. त्या आदल्या दिवशी अल्कोहोलमध्ये बुडवायच्या, ज्योतीवरून फिरवायच्या, चोवीस खणांच्या प्लेटमध्ये एकेका खणात एकेक टाकायची आणि त्यांच्यावर पेशी पसरायच्या. पेशी रात्रभरात काचेला धरतात. सकाळी प्लेट उघडून साध्या मायक्रोस्कोपखाली बघितलं की फरशा बसवल्यासारख्या एकमेकींना चिकटून बसलेल्या दिसतात. मग अर्ध्या खणांत अझाइड, अर्ध्यांत नुसतं मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक पाणी.

पुढचा टप्पा पेशी जिथल्या तिथे थांबवण्याचा. याला सगळे फिक्स करणं म्हणतात, मराठीत बोलतानाही. फॉर्मल्डिहाइड सोळा टक्क्यांच्या सीलबंद काचेच्या ॲम्प्यूलमध्ये येतं. कागदाच्या रुमालात धरून मान मोडायची. कट् असा आवाज आला की नीट मोडली, करकर आवाज आला की बोट जपायचं. चार टक्क्यांवर आणून ते सदतीस अंशांना कोमट करते, कारण थंडगार ओतलं तर पेशी दचकून आकसतात आणि मग जे दिसतं ते माझ्या प्रयोगाचं की थंडीचं, हा वाद कोण घालणार. फिक्स करायला पंधरा मिनिटं. मग मिठाच्या पाण्यानं, म्हणजे पीबीएसनं, तीन वेळा धुणं. ओतायचं ते खणाच्या भिंतीवरून, काचेवर थेट धार नाही. ही गोष्ट प्रोटोकॉलमध्ये कुठे लिहिलेली नाही. आमच्या सीनियरनं माझा हात धरून पिपेटचा कोन वळवून दाखवला, तेव्हा कळली.

जिवंत, धडधाकट पेशीत फॅलॉइडिन शिरत नाही. यकृताची गोष्ट वेगळी, तिथे दार उघडणारा वाहक आहे. माझ्या पेशी त्याला दारात उभं करत नाहीत. म्हणून पडद्याला भोकं पाडावी लागतात. ट्रायटन नावाच्या साबणाचं 0.1 टक्क्याचं द्रावण, चार-पाच मिनिटं, बास. पुन्हा धुणं. मग थोडं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन, म्हणजे रंग नको तिथे चिकटत नाही.

आणि मग रंग. कंपनीच्या हिशोबानं एका काचेला 200 मायक्रोलिटर द्रावण लागतं, म्हणून 300 युनिटांत 300 काचा. आमच्याकडे असा थाट परवडत नाही. पेट्री डिशमध्ये ओला टिश्यू, त्यावर पॅराफिल्मचा तुकडा, त्यावर रंगाचा तीस मायक्रोलिटरचा थेंब आणि त्या थेंबावर कव्हरस्लिप उपडी. पॅराफिल्मला पाणी धरत नाही, त्यामुळे थेंब टपोरा उभा राहतो. काच टेकली की तो बरोबर कडेपर्यंत पसरतो, बाहेर येत नाही. या पद्धतीनं एका व्हायलमध्ये दोन हजार काचा निघतात. पेशींची बाजू खाली गेली पाहिजे, एवढंच भान ठेवायचं. कुठली बाजू कुठली हे विसरायला होऊ नये म्हणून काच उचलल्यापासून ठेवेपर्यंत आमच्या लॅबमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. त्या वेळी हाक मारली तर फक्त लॅबमधल्या काकांना उत्तर मिळतं, तेही डोक्यानं.

वरून ॲल्युमिनियम फॉइल, वीस मिनिटं अंधार. फॅलॉइडिनला घाई नाही, पण एकदा बसलं की उठतही नाही. अँटिबॉडीनं, म्हणजे ठरावीक प्रथिनालाच धरणाऱ्या प्रथिनानं, रंगवताना जो ताप असतो, जास्त धुतलं तर रंग जातो, कमी धुतलं तर सगळीकडे धुकं, तो इथे नाही. तीनदा धुवा, चारदा धुवा, तंतूवरचं तंतूवरच राहतं. विष म्हणून त्याचा जो दोष तोच रंग म्हणून त्याचा गुण.

शेवटी काच स्लाइडवर बसवायची आणि कडा बंद करायच्या. त्यासाठी जगातल्या सगळ्या लॅब वापरतात तेच आम्ही वापरतो: पारदर्शक नेलपॉलिश. तुळशीबागेतून आणलेलं. रंगीत चालत नाही, कारण लेझरखाली तेही चमकतं. दुकानदाराला 'बिनरंगाचं, घट्ट, स्वस्त, सहा बाटल्या' सांगितलं की तो लग्नाच्या घरची गिऱ्हाइकं समजून कंगवे दाखवायला लागतो.

कॉन्फोकल, म्हणजे लेझरनं पेशीचा एकेक थर दाखवणाऱ्या, मायक्रोस्कोपचा स्लॉट मला बहुतेक वेळा रात्रीचाच मिळतो. खोलीत एसी कडक, दिवे बंद, स्वेटर घालून बसायचं. भिंगावर तेलाचा थेंब, स्लाइड उलटी, आधी निळ्या रंगात केंद्रकं शोधायची, मग हिरवा लेझर लावायचा. अझाइड न दिलेल्या पेशी आधी बघायची माझी सवय आहे. पडद्यावर तळातून आडवे जाड तंतू येतात, काचेला धरून ताणलेले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ. पेशीच्या सीमेवर चमकदार पट्टा, शेजारणीला जिथे हात लागतो तिथे अधिक दाट. फोकस हळूहळू वर नेला की तंतू विरतात आणि वरच्या पृष्ठभागावर दाण्यादाण्यांचं दाट केसाळ आवरण उमटतं. नलिकेच्या पोकळीकडे बघणारी बाजू ती. मधेच एखादी पेशी दोन होत असते. तिच्या कमरेवर ॲक्टिनचं कडं आवळलेलं असतं, आणि ते इतकं चमकतं की डिटेक्टरचा जोर कमी करावा लागतो. हे चित्र कितीही वेळा बघितलं तरी मी दोन मिनिटं काम थांबवते. ती दोन मिनिटं स्लॉटमध्ये धरलेलीच असतात.

नियंत्रण म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, एका काचेला लॅट्रन्क्युलिन दिलेलं असतं. तेही विषच, समुद्री स्पंजातलं. ते सुट्या गोळ्यांना अडकवून ठेवतं, त्यामुळे तंतू नव्यानं बनत नाहीत आणि जुने मोडत जातात. त्या काचेवर नुसते तुरळक ठिपके. म्हणजे रंग तंतूंचाच आहे, भलत्याच कशाचा नाही, हे कळतं.

मग अझाइडवाली काच. आडवे तंतू गायब. सीमेवरचा पट्टा तुटक. आत इकडेतिकडे काही डाग. अगदी लॅट्रन्क्युलिनसारखं नाही, पण त्याच वळणाचं. चित्रं घेतली, तंतूंची चमक मोजली, आलेख काढला. दोन्ही स्तंभांमधला फरक बघून कुणालाही आनंद व्हावा. गटाच्या बैठकीत मी म्हटलं, एटीपी गेलं की ॲक्टिनचे तंतू मोडतात. सर आलेखाकडे बघतही नव्हते. म्हणाले, "फॅलॉइडिन बसलं नाही, एवढंच दिसतंय. तंतू नाहीत म्हणून बसलं नाही, की तंतू आहेत पण बसायला जागा नाही?"

प्रश्न त्यांचा हवेतला नव्हता. कोफिलिन नावाचं एक प्रथिन आहे, तेही ॲक्टिनच्या तंतूला धरतं. धरलं की तंतूचा पीळ बदलतो, दर गोळ्यामागे पाचएक अंश जास्त. हे 1997 मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीनं दाखवलेलं आहे. पीळ बदलला की तीन गोळ्यांमधली ती बेचकी पहिल्यासारखी राहत नाही आणि फॅलॉइडिनला जागा उरत नाही. आणि एटीपी कमी झालं की नेमकं कोफिलिनच जोमात येतं. मेंदूच्या पेशींमध्ये तर त्यामुळे कोफिलिन आणि ॲक्टिन मिळून आखूड, जाड काड्या तयार होतात. त्यांना रॉड म्हणतात आणि त्या फॅलॉइडिनला दिसत नाहीत. त्या का होतात याचं एक उत्तर मला फार आवडतं: तंतूंची जोडतोड ही खर्चिक बाब आहे, न्यूरॉनच्या एटीपीपैकी निम्म्याच्या आसपास खर्च त्यावर होतो असा अंदाज आहे; तंतू काड्यांत बांधून ठेवले की अडचणीच्या दिवसांत तो खर्च थांबतो. म्हणजे मी ज्याला मोडतोड म्हणत होते ती कदाचित बचत असेल.

उपाय सरळ होता: कोफिलिनवर अँटिबॉडी लावून बघायची. अडचण तिथूनच सुरू झाली. रॉड नीट दिसायचे तर पेशींना ट्रायटन चालत नाही, उणे वीस अंशाचं मिथेनॉल लागतं. आणि मिथेनॉल पेशीवर गेलं की तंतूंची घडण बिघडते, फॅलॉइडिन धरत नाही. ज्या मिथेनॉलमध्ये फॅलॉइडिन वर्षभर सुखानं राहतं, तेच पेशीवर घातलं की त्याचं काम संपतं. एकाच काचेवर लाल फॅलॉइडिन, हिरवं कोफिलिन आणि पिवळा मिलाफ असं सुबक चित्र मिळणार नव्हतं. परिषदांमध्ये तसलीच चित्रं टाळ्या घेतात, हे मला ठाऊक होतं. मग जोडीच्या काचा केल्या. एकाच प्लेटमधल्या, एकाच हातानं पेरलेल्या, एकाच वेळी फिक्स केलेल्या. त्यापुढे एक ट्रायटनच्या वाटेनं, दुसरी मिथेनॉलच्या.

दुसऱ्या वाटेच्या काचांवर काड्या होत्या. सगळ्या पेशींत नाहीत, आणि मी मनात धरल्या होत्या तितक्या देखण्याही नाहीत. काही पेशींत केंद्रकाभोवती आखूड, दोन्ही टोकांना बोथट काड्यांचा पुंजका, काहींत नुसते दाणे. ॲक्टिनवरच्या अँटिबॉडीनं त्याच जागा उजळल्या. खातरजमेसाठी पेशी फोडून अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्या. तंतू तळाला बसतात, सुटे गोळे वरच्या पाण्यात राहतात. फॅलॉइडिनच्या चित्रावरून बघावं तर तळ रिकामा असायला हवा होता. ॲक्टिनचा मोठा वाटा तळातच होता.

याचा अर्थ फॅलॉइडिन खोटं बोललं असा नाही. ते फार अरुंद प्रश्नाचं फार चोख उत्तर देतं: अमुक पिळाचा तंतू, ज्याच्या बेचक्या मोकळ्या आहेत, तो कुठे आहे. आपण त्याला विचारतो भलतंच: ॲक्टिन आहे का. पाठ्यपुस्तकात, पोस्टरवर, कॅलेंडरवर पेशीची जी लाल-हिरवी चित्रं छापलेली असतात ती जवळपास सगळी याच अरुंद प्रश्नाची उत्तरं आहेत, आणि ती बघून कुणाला हे आठवत नाही. मला वाटतं प्रत्येक पीएचडीवाल्याला पहिल्या वर्षी एक तरी अशी काच दाखवावी, जिच्यावर तंतू आहेत आणि फॅलॉइडिन नाही.

जिवंत पेशीत बघितलं असतं तर, असं काहींनी सुचवलं. ॲक्टिनला धरणारे, चमकणारे, जिवंत पेशीत चालणारे इतर पर्याय आहेत. पण त्यातल्या लाइफॲक्टचीही कोफिलिनशी जागेवरून मारामारी असते, आणि काही रंग तर स्वतःच तंतूंना घट्ट करतात. शेवटी आम्ही फॅलॉइडिनच ठेवलं. फक्त प्रत्येक फॅलॉइडिनच्या काचेला एक मिथेनॉलची जोडीदारीण दिली. काचा दुप्पट, नेलपॉलिश दुप्पट, रात्रीचे स्लॉट दुप्पट.

सगळ्यात समाधान दिलं ते परतीच्या प्रयोगानं. अझाइड धुऊन टाकायचं, ग्लुकोज असलेलं मीडियम घालायचं आणि ठराविक अंतरानं एकेक काच फिक्स करत जायची. कोफिलिनच्या बाजूला काड्या विरळ होत गेल्या. फॅलॉइडिनच्या बाजूला आधी सीमेवरचा पट्टा सांधला, मग खालचे आडवे तंतू एकेक करून उमटले. पहिल्या तासाभरात सुरुवात, मग संथपणे. तंतू खरंच पूर्ण मोडून सुटे झाले असते तरी ते परत बांधले गेले असते, त्यामुळे एवढ्यानं बचतीचा मुद्दा सिद्ध होत नाही, हे सरांनी लगेच सांगितलंच. पण निबंधातल्या आकृतीखालची ओळ त्यांनी स्वतः लिहिली. माझ्या मसुद्यात होतं की एटीपी घटल्यावर ॲक्टिन तंतू नाहीसे होतात. त्यांनी लिहिलं की फॅलॉइडिनला धरणारे तंतू नाहीसे होतात. एका परीक्षकानं नेमकी तीच शंका काढायला घेतली होती. ती ओळ वाचून त्यानं पुढे जोडीच्या काचांचे आकडे तेवढे मागितले.

आता लॅबमध्ये नवा मुलगा आलाय. त्यानं व्हायल उजेडाकडे धरली, कवटी बघितली, दोन हातमोजे एकावर एक चढवले आणि फॅलॉइडिनच्या आठ मायक्रोग्रॅमला बॉम्बसारखं उचललं. शेजारी सोडियम अझाइडची शंभर ग्रॅमची बरणी उघडी होती, तिच्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. त्या बरणीतली चिमूटभर पावडर पोटात गेली तर माणूस जाऊ शकतो. सिंकमध्ये ओतली तर तांब्या-शिशाच्या नळात साठून स्फोटक होते. आम्लाशी गाठ पडली तर विषारी वायू सोडते. अळंबीचं नाव नसल्यामुळे तिला कुणी घाबरत नाही. फॅलॉइडिनचं शिकवणं मी पुढे ढकललंय. आधी त्याला अझाइडच्या कचऱ्याचा कॅन दाखवणार आहे, आणि बरणीचं झाकण लावायला सांगणार आहे.